लेंड्या बघणारा माणूस

नव्वदच्या दशकात मिरजेला डॉक्टरकी शिकताना मला शहाणपणाची उबळ फार यायची. एका दुपारी हॉस्पिटलच्या कट्ट्यावर माण तालुक्याकडचा एक मेंढपाळ बसला होता. आत त्याच्या बायकोच्या कॅन्सरच्या गाठीचं ऑपरेशन चाललेलं. डोळे अर्धवट मिटून तो मांडीवरून हात फिरवत होता, जणू तिथं कोकरू निजलंय.

धीर द्यायचं सोडून मी व्याख्यान दिलं. "पेशी आतला जुना माल मोडून पुन्हा वापरते, थोडे तुकडे दारात मांडते. पहारेकरी पेशी ते बघून कॅन्सर ओळखतात."

"आमीबी पहाटं मेंढरांच्या लेंड्या बगतो," तो झोपेतल्यासारखा म्हणाला. "आजार कळतोय. मग हिची गाठ का वळखली न्हाई?"

"काही पेशी तुकडे मांडतच नाहीत," मी चाचरलो.

"आवं डाक्टर, मग तीच आदी धरायची! लेंडी न टाकणारं मेंढरू लय आजारी असतंय."

तुकडे न मांडणाऱ्यांनाच धरणाऱ्या पेशीही शरीरात असतात. परीक्षेला येणार नाही म्हणून पुस्तकातलं ते पान मीच गाळलं होतं.

तेवढ्यात स्ट्रेचर आलं. सिस्टर म्हणाल्या, "गाठ निघाली." त्यानं बायकोच्या पावलांना हात लावला आणि खांद्यावरची घोंगडी तिच्यावर पसरली.

"गारठलीया," तो म्हणाला. मी फक्त तिचा केसपेपर वाचत होतो.