म्हसळकर सर चुकत होते

सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी वाशीच्या एका मल्टिप्लेक्समध्ये सकाळच्या शोला बसले होते आणि इंटरव्हल झाला होता. पडद्यावर होता तसला सिनेमा, ज्याला त्यांनी दीड स्टार दिला असता आणि तो अर्धा कॅमेरामनचा आहे असं सांगितलं असतं. जुबेदाभाभी म्हणजे त्यांची बायको, फोनवर एवढंच बोलली, "सुनंदा, सर गेले गं. पहाटे. तू ये." मी हातातले पॉपकॉर्न शेजारच्या अनोळखी बाईच्या हातात दिले आणि निघाले. करंजाड्याला त्यांच्या घरी पोचले तेव्हा आत बायका कुराण वाचत होत्या. दुपारच्या नमाजानंतर माणसं त्यांना घेऊन गेली. मी भाभीच्या शेजारी सतरंजीवर बसून राहिले. मनात काय चाललं होतं ते आज लिहिते, लाज वाटत नाही... मनात चाललं होतं की आता हा सिनेमा चांगला होता हे मी कुणाला पटवून देऊ?

याकूब म्हसळकर हे नाव या पुरवणीच्या जुन्या वाचकांना आठवत असेल. तळोज्याच्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये आयुष्य काढलेला माणूस. शाळेत कधी शिकवलं नाही, पण लॅबमधली पोरं सर म्हणायची म्हणून सगळे सर म्हणायला लागले. श्रीवर्धनकडच्या एका गावात टुरिंग टॉकीजच्या तंबूत सिनेमाचं वेड लागलं ते शेवटपर्यंत सुटलं नाही. दर रविवारी त्यांचं परीक्षण यायचं. मराठी इतकं स्वच्छ की आमच्या तुर्भ्याच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात, जिथे मी बुकिंग बघते, ड्रायव्हरसुद्धा ते मोठ्यानं वाचून घ्यायचे. आणि दर रविवारी आम्हाला जे आवडलं त्याला ते झोडायचे.

दहा-अकरा वर्षांपूर्वी असाच एक प्रचंड चाललेला सिनेमा आला. हिरो एका हातानं ट्रक उचलतो आणि दुसऱ्या हातानं आईला सावरतो. माझे वडील, अण्णा, तेव्हा हयात होते. साताऱ्याकडून येऊन उभा जन्म मार्केटात माथाडी म्हणून पोती वाहिलेले, पाठ गेलेली, खुर्चीतून उठायलाही आधार लागायचा. त्यांना मी तो सिनेमा दाखवला आणि ट्रकच्या वेळी त्यांनी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी वाजवली. बऱ्याच वर्षांनी. त्या रविवारी सरांनी लिहिलं होतं, 'ज्यांना हा सिनेमा आवडला त्यांना सिनेमा म्हणजे काय हे कुणी शिकवलंच नाही.' माझं डोकं फिरलं. मी पत्र लिहून टाकलं, की माझ्या वडिलांना बरंच काही कुणी शिकवलं नाही, पण आपण कशाला दाद द्यायची एवढं त्यांना कळतं. पेपरनं ते छापलं.

तिसऱ्या दिवशी ऑफिसात फोन. "मी म्हसळकर. तुम्ही मला मूर्ख म्हणालात."

"मी असं कुठे लिहिलंय?"

"लिहिलं नाहीत. वाचताना मला ऐकू आलं. तुमच्या वडिलांना भेटता येईल का?"

माझ्या मते माणूस माफी मागायला येत होता. छे! ते आले, चहा प्यायले, खिशातून कागद काढून अण्णांची उलटतपासणी सुरू केली. ट्रक उचलणं शक्य नाही हे तुम्हाला कळत नव्हतं का? अण्णा शांतपणे म्हणाले, "सायेब, ते खोटं हाय हे मला कळत न्हाय व्हय? मी शंभर किलोचं पोतं पाठीवर घेतलंय. वजन म्हंजे काय ते तुमच्यापरीस मला जास्त ठावं हाय. म्हनून तर बघाया बरं वाटतं... कुनीतरी उचललं एकदाचं."

सरांनी ते शब्द न् शब्द लिहून घेतलं. पुढच्या रविवारी मी पेपर उघडला तर त्याच जातीच्या दुसऱ्या सिनेमाला पुन्हा दीड स्टार. मी फोन केला. ते म्हणाले, "तुमच्या वडिलांचं म्हणणं बरोबर आहे. सिनेमा वाईटच आहे." तिथून आमचं जे भांडण सुरू झालं ते थांबलंच नाही. महिन्यातून एकदा आम्ही बरोबर सिनेमा बघायचो, भाभीनं बांधून दिलेले कबाब बाहेर बाकड्यावर बसून खायचो आणि तावातावानं वाद घालायचो. ते म्हणायचे, बाई, तुम्ही फसता. मी म्हणायचे, सर, तुम्ही फसायला घाबरता. अण्णा वारले तेव्हा आलेल्या माणसांत अण्णांच्या शिट्टीची आठवण काढणारे ते एकटेच होते.

एकदा मात्र भांडण भांडण राहिलं नाही. ते लिहायचं मी टाळत होते इतके दिवस. तीनेक वर्षांपूर्वी एक सिनेमा आला, ज्याच्या तिकिटांसाठी महिनाभर मारामारी होती. गोष्ट लढाईची, आणि त्यातला प्रत्येक नीच माणूस सरांच्या नावाचा, सरांच्या भावांच्या नावाचा. हॉल भरलेला. दुसऱ्या मारामारीला लोक उभे राहून ओरडायला लागले आणि मीही टाळ्या वाजवल्या. वाजवल्या म्हणजे वाजवल्या, आता खोटं कशाला लिहू. मारामारी जबरदस्त घेतली होती. इंटरव्हलला दिवे लागले. सर समोर बघत म्हणाले, "तुम्ही टाळ्या वाजवल्यात."

"सर, सिनेमा आहे. तो ट्रक उचलतो ना, तसंच हे."

ते माझ्याकडे वळले. आवाज चढवला नाही. म्हणाले, "ट्रकला काही वाटत नाही, बाई."

उरलेला सिनेमा त्यांनी पूर्ण बघितला. मधेच पुढच्या रांगेतला कोणी मागे वळून त्यांच्या पांढऱ्या दाढीकडे बघून हसला, तरी ते उठले नाहीत. मला उठायचं होतं... पण ते बसलेत म्हटल्यावर मी कुठल्या तोंडानं उठणार? बाहेर आल्यावर एकटेच रिक्षात बसले. चार महिने आम्ही बोललो नाही.

त्यांनी परीक्षण लिहिलं. साधं, मुद्देसूद, एकही शिवी नसलेलं. त्याच्यावर मात्र शिव्यांचा पाऊस पडला. माणसं त्यांना कुठल्या देशात जायचं ते सांगायला लागली. श्रीवर्धन सोडून दुसरं गाव नसलेल्या माणसाला. दोन-तीन आठवड्यांत सदर बंद झालं. जागेची अडचण, असं कारण त्यांना दिलं गेलं. मी पुन्हा पत्र लिहिलं, या वेळी त्यांच्या बाजूनं. लिहिलं की या माणसाशी मी वर्षानुवर्षं भांडते आहे, त्यामुळे त्याच्याशी कसं भांडायचं असतं हे मला माहीत आहे, आणि तुम्ही करताय ते भांडण नव्हे. ते पत्र छापलं गेलं नाही. मग मी ते घेऊन करंजाड्याला गेले. दार सरांनीच उघडलं. पत्र उभ्यानं वाचलं, पेनानं माझे दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि म्हणाले, "यात सिनेमा चुकीचा होता असं कुठेच नाही."

"टाळ्यांचं माझं चुकलं, सर. ते कबूल. पण मारामारी चांगली होती."

ते हसायला लागले. इतके, की ठसका लागला आणि भाभी पाणी घेऊन धावत आली. "हिला जेवायला वाढ," ते म्हणाले, "ही सुधारणारी नाही."

हे सगळं आज लिहायचं कारण त्यांची शोकसभा. पनवेलला एका छोट्या हॉलमध्ये झाली, तीन आठवड्यांपूर्वी. मंचावर बसलेल्यांपैकी एकानेही, त्यांच्यावर शिव्या पडत होत्या तेव्हा, एक ओळ लिहिली नव्हती. आता मात्र एकामागून एक उठून सांगत होते की म्हसळकर हे अभिरुचीचे शेवटचे शिलेदार होते, आजचा प्रेक्षक म्हणजे मेंढरं, आणि म्हसळकरांनी मेंढरांची कधी पर्वा केली नाही. तिसऱ्या भाषणाला मी उठले. माझं नाव यादीत नव्हतं. सूत्रसंचालक म्हणाले, "ताई, थोडक्यात हं." मी म्हटलं, थोडक्यात सांगते.

सांगितलं की मी त्या मेंढरांपैकी एक. म्हसळकर सर आमची पर्वा करायचे म्हणूनच एका माथाड्याच्या घरी कागद घेऊन आले होते. तुमच्यापैकी कोण आलं होतं? सांगितलं की सर मोठ्या सिनेमांबद्दल चुकत होते, निम्म्याहून जास्त वेळा चुकत होते, आणि ते गेले म्हणून मी त्यांना बरोबर म्हणणार नाही. तसं म्हटलं तर त्यांच्याशी बोलणंच संपेल. जिथे ते बरोबर होते तिथे मी चुकले होते आणि ते मी त्यांच्या तोंडावर कबूल केलंय. तुमचं काय? पहिल्या रांगेत भाभी पदर सावरत बसली होती. तिनं एकटीनं टाळी वाजवली. एकदाच.

गेल्या रविवारी तिचाच फोन आला. म्हणाली, मला एखाद्या सिनेमाला ने, तुझ्या आवडीचा, मोठ्ठा. सर तिला कधी नेत नसत, कारण ती सिनेमा चालू असताना बोलते. मी नेलं. हिरोनं जहाज ओढलं, पूल पाडला, गाणं झालं, मी शिट्टी वाजवली. भाभी पूर्ण वेळ बोलत होती. बाहेर पडल्यावर मी विचारलं, कसा वाटला?

"रद्दी," भाभी म्हणाली. "सर म्हणायचे ते खरं होतं. ह्याला काय स्टोरी म्हणायची?"

"भाभी, तुम्ही जहाजाचा सीन नीट बघितलाच नाही. तुम्ही बोलत होतात."

"बघितला. दोरी कशाला बांधलेली होती सांग. सांग ना!"

दोरी खरंच कशालाही बांधलेली नव्हती. रिक्षा खांदा कॉलनी ओलांडून करंजाड्याकडे वळली तरी आम्ही भांडतच होतो आणि रिक्षावाला आरशातून बघत होता. सोसायटीच्या गेटपाशी उतरताना भाभी म्हणाली, "पुढच्या रविवारी परत जाऊ. पण सीट मधली घे, कडेची नको." मी म्हटलं, "आणि तुम्ही गप्प बसाल?"

"अजिबात नाही," ती म्हणाली आणि आत गेली.