फायबरची होडी

खाडीकाठी एक फायबरची होडी पालथी पडून आहे. तळाला चीर गेली, तेव्हा पारूमावशींनी आपली ही होडी तिथंच सोडली. आता त्या तिच्यावर जाळं वाळत घालतात.

"हलकी होती हो. डिझेल केवढं वाचायचं!" त्या सांगत होत्या.

डिझेल वाचलं, धूरही कमी झाला, हे खरंच. पण पूर्वी लाकडी होडी थकली की तिची एक फळी गावच्या होळीत मानानं जायची. बाकीची होडी चिखल आणि खेकडे मिळून संपवायचे. हिला होळीही घेत नाही आणि चिखलही घेत नाही.

"मग हिचं काय करणार?" मी विचारलं.

"काय करनार? आमच्या मागं र्‍हानार ती."

मावशींनी जाळं झटकलं. होडीचे बारीक, चकचकीत कण उन्हात उडाले आणि अलगद पाण्यावर जाऊन बसले. हलकेच होते तेही.