गालाच्या आतला रवा

सैराशला माणसांची नावं लक्षात राहत नसत, पण कुणाच्या अंगावर कधी काय उठलं होतं ते ती जन्मात विसरत नसे. कारा-बुलाक गावच्या दवाखान्यात ती एकतीस वर्षं फेल्डशर होती. म्हणजे पगाराने अर्धी डॉक्टर आणि कामाने दीड. रस्त्यात कुणी सलाम केला की डोळे बारीक करून म्हणायची, “अरे, तू तर नागीण, डावी बरगडी. आई बरी आहे ना?” गावप्रमुख तिच्या लेखी खरूज होता, आणि निवडून आल्यावरही खरूजच राहिला. स्वतःचं वय विचारलं की ती छप्पन सांगायची. गेली पाच-सहा वर्षं छप्पनच सांगत होती.

तिचं खरं वैर रोगांशी नव्हतं, हिरव्या औषधाशी होतं. जखमांवर लावायच्या त्या झेल्योन्काची इवलीशी बाटली घरोघर असायची. पोराला कांजिण्या येवोत, गोवर निघो की ढेकूण चावो, आई आधी काडीला कापूस गुंडाळून ठिपका न् ठिपका हिरवा करणार आणि मग सैराशला विचारणार, एजे, म्हणजे ताई, हे काय आहे? हिरवं आहे, सैराश सांगायची. खालचा रंग दिसला तर रोग ओळखायचा ना! पण गावाचं गणित पक्कं होतं: हिरवं म्हणजे कांजिण्या, आणि कांजिण्या म्हणजे किरकोळ.

ताश्तानबेकच्या घरी याच गणिताने घोळ घातला. ताश्तानबेक घोड्यांचा व्यापारी. घोड्याचा ओठ वर करून दात पाहिले की वय सांगणार, आणि तोंड पाहून खोटं म्हणून बोलणार नाही, स्वतःचा घोडा विकतानासुद्धा. त्याच्या धाकट्याचं, एर्निसचं, शनिवारी लग्न. तीन खोऱ्यांतून चारशे पाहुणे यायचे होते, बायका कडेवर तान्ही पोरं घेऊन. आणि शुक्रवारी सकाळी, शहरातून नुकताच आलेला नवरदेव नखशिखान्त हिरवा.

सैराश पोचली तेव्हा एर्निस पडदे ओढून, काळा चष्मा लावून, खोकत बसला होता. घरात चष्मा कशाला, तिनं विचारलं. शहरात हल्ली असंच असतं, बापाने सांगितलं. तिनं कपाळाला हात लावला, चटका बसला. ठिपक्यांवरून बोटं फिरवली. पाण्याचा फोड एकही नाही, आणि कानांमागे तर ठिपके एकमेकांत मिसळून गेलेले.

“बाइके,” मोठ्या भावाला म्हणावं तसं ती ताश्तानबेकला म्हणाली, “हा गोवर आहे. लग्न पुढे ढकला. उद्या येणाऱ्या तान्ह्यांना अजून लस नाही. एखादं हातचं जाईल.”

“कांजिण्या आहेत,” ताश्तानबेक म्हणाला. “हिरवं दिसत नाही का तुला?”

दुपारी ती पुन्हा गेली, तर अख्खं अंगण हिरवं. एकटा नवरदेव उठून दिसू नये म्हणून सगळ्या भाऊबंदांनी ठिपके लावून घेतले होते. सगळ्यांना असलं म्हणजे कुणालाच नाही, असा विचार. काका हिरवे, काकू हिरव्या. सत्तरीच्या आत्याने गालावर एकच लावला होता, तिळासारखा. नवरीकडे द्यायचा पांढरा घोडासुद्धा सुटला नव्हता. याला पण गोवर का हो एजे, कुणीतरी टोमणा मारला आणि अंगण खदखदलं.

सैराशने घोड्याकडे नीट पाहिलं. “याचे डोळे स्वच्छ आहेत. हा बरा आहे,” ती म्हणाली. “एर्निस, तोंड उघड.”

गोवराच्या सुरुवातीला गालाच्या आत, दाढांपाशी, पांढरे कण उठतात, रवा सांडल्यासारखे. तिथवर कुणाची हिरवी काडी पोचत नाही.

ताश्तानबेक आडवा आला. “तोंड विकायच्या घोड्याचं उघडतात. माझ्या मुलाचं नाही.”

“मग तुम्हीच उघडा. तोंडातलं तुमच्याइतकं कुणाला कळतं? मी लांब उभी राहते.”

आता नाही कसं म्हणणार? त्याने सवयीने मुलाचा ओठ वर केला, सवयीनेच दात पाहून “सत्तावीस” म्हणाला, आणि मग गाल बाजूला ओढला. बराच वेळ ओढून धरला.

“कण आहेत,” तो म्हणाला. “पण हे कुरुत आहे.”

वाळल्या दह्याच्या त्या गोळ्या सकाळपासून सगळेच चघळत होते, त्यामुळे बोलणं अगदीच खोटं नव्हतं. सैराशने शांतपणे सांगितलं, कुरुत चहाने जातं. एर्निसने चूळ भरली. मग दुसरी, मग तिसरी. काकांनीही खळखळून चुळा भरल्या आणि आ वासून एकमेकांना तोंडं दाखवली. सगळ्यांचं कुरुत गेलं. एर्निसचं गेलं नाही. आत्याने बोटाला रुमाल गुंडाळून घासूनही पाहिलं.

सगळे ताश्तानबेककडे बघत होते. तो पुन्हा नुसता “कुरुत” म्हणाला असता, तर उद्या चारशे पानं उठली असती. त्याने मुलाचा ओठ सोडला आणि घोड्याच्या मानेवर थोपटावं तसं त्याच्या गालावर थोपटलं.

“आज सौदा व्हायचा नाही,” तो म्हणाला. “जनावर आजारी आहे.”

सैराशने त्याच संध्याकाळी तालुक्याहून लशीची पेटी मागवली आणि पाहुण्यांना निरोप धाडले. हिरवं उतरायला दहा दिवस लागले. घोड्याचं त्याहून जास्त.

लग्न पाच आठवड्यांनी झालं. फाटकात ताश्तानबेक बॅटरी घेऊन उभा. तोंड दाखवल्याशिवाय एकाला आत सोडेना. आता गरज नाही, आजार गेला, असं सैराशने परोपरीने सांगून पाहिलं. शेवटी तीही रांगेत उभी राहिली आणि पाळी आल्यावर तिनं तोंड उघडलं. त्याने आधी गाल पाहिले, मग दात. दात जरा जास्तच वेळ पाहिले. मागची रांग कान टवकारून होती, कारण तोंड पाहून या माणसाने वय सांगितलं नाही, असं कधी झालं नव्हतं.

“छप्पन,” ताश्तानबेक म्हणाला आणि बाजूला झाला.

मागे उभ्या असलेल्या आत्याला खोकल्याची उबळ आली.