बांधावरचा नैवेद्य

माझ्या घरात उंदीर नाही. आज नाही, काल नव्हता, आणि मी आहे तोवर नसणार. आमच्या बिल्डिंगमधल्या बायका औषधाच्या वड्या आणतात, चिकटायचे पुठ्ठे आणतात, माणूस बोलावून फवारे मारून घेतात, आणि तरी एकीच्या ओट्यावरून दुसरीच्या ओट्यावर त्याची ये-जा चालूच. मग माझ्याकडे येतात. "काकी, तुमच्याकडे कसा नाही हो?" मी म्हणते, बसा, चहा ठेवते, सांगते. फुशारकी म्हणा हवं तर. आयुष्यात फुशारकी मारण्याजोगं माझ्याकडून फार काही घडलं नाही, आणि जे घडलं ते मी सोडणार नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही भांडुपला बैठ्या चाळीत राहत होतो, स्टेशनपासून लांब, डोंगराच्या बाजूला. एक खोली, मागे मोरी, मोरीच्या भिंतीपलीकडे गटार आणि गटाराच्या कडेला आपोआप माजलेलं अळू. नवऱ्याची गिरणी बंद पडून दोन-अडीच वर्षं झाली होती. मुलुंडच्या एका कारखान्यात तो बदलीवर जायचा. बोलावलं तर काम, नाही तर दाराशी बसून विडी. दोन मुलं शाळेत. आणि घरात सासूबाई.

सासूबाई मालवणकडच्या. अंगाने एवढीशी बाई, पण आवाज असा की चाळीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जावा. वाईट नव्हत्या हो. मला कधी उपाशी ठेवलं नाही, माहेरचं काढलं नाही. पण लग्नाला बारा वर्षं होऊन गेली तरी कोणी आलं-गेलं की माझी ओळख एकच करून द्यायच्या, "ही माझ्या झिलाची बायको." झील म्हणजे मुलगा. म्हणजे जे काय नातं ते त्याच्याशी, त्यांच्याशी काही नाही. मला ते लागायचं. बोलून दाखवलं नाही कधी, भांडी मात्र जरा जोरात आपटायचे.

त्या वर्षी शेजारच्या गल्लीतल्या एका बाईकडून मला पापड लाटायच्या कामाचं कळलं. केंद्रावर सकाळी मळलेलं पीठ मिळायचं. घरी आणून लाटायचं, पालथ्या टोपलीवर वाळवायचं, पाऊस असला तर पंख्याखाली, आणि दुसऱ्या दिवशी पापड नेऊन द्यायचे. माझे डोळेच चमकले. नवऱ्याच्या तोंडाकडे बघत महिना काढायचा मला वीट आला होता. आणि लाटण्यात माझा हात धरणारी आमच्या चाळीत कोणी नव्हती, हे मी नाही म्हणत, चाळ म्हणायची.

मी केंद्रावर जाऊन नाव दिलं. तिथल्या देखरेखीच्या बाई जाडजूड, चष्मेवाल्या, हसणं माहीत नसल्यासारख्या. म्हणाल्या, "आधी मी घर बघणार. पापड लोकांच्या ताटात जातो. ओल नको, झुरळ नको. आणि उंदराची एक लेंडी जरी दिसली तर विषय संपला, परत नाव घेत नाही आम्ही." खरंच घेत नसत. आमच्याच चाळीतल्या एकीला आदल्या वर्षी असंच परत पाठवलं होतं, ती अजून रडत होती. "गणपती कधी जातात तुमचे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, गौरीबरोबर. "मग त्याच्या दुसऱ्या दिवशी येते."

घरी आले, तांदळाचा डबा सरकवला, आणि डब्यामागे लेंड्या! पाच-सहा, ताज्या. साबणाची वडी कोपऱ्यातून कुरतडलेली. कर्म माझं! आजवर दिसला नव्हता मेला, आणि नाव नोंदवून आले त्याच दिवशी हजर. मी तशीच शेजारी गेले आणि पिंजरा मागून आणला. भज्याचा तुकडा आकड्याला लावला आणि डब्यामागे ठेवला.

चतुर्थी दुसऱ्या दिवशी होती. सासूबाई मखराची जागा पुसत होत्या. त्यांनी पिंजरा पाहिला, फडकं टाकलं आणि उठल्या.

"ह्या काय गो?"

"पिंजरा, आई. उंदीर झालाय."

"उद्या गणपती घरात येतलो आणि तू तेच्या वाहनाक पिंजऱ्यात घालतलंस? माझ्या जित्यापणी नाय."

मी समजावलं. पापडाचं सांगितलं, त्या बाईंचं सांगितलं. नवऱ्याकडे बघितलं, तर तो मखराला कागद चिकटवण्यात एवढा गुंग की जणू बहिराच. सासूबाईंनी पिंजरा उचलला आणि स्वतः जाऊन शेजारणीला परत देऊन आल्या. माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्या दिवशी भांडी फार आपटली.

गणपती आले. आरत्या झाल्या, मोदक झाले. माझं लक्ष सगळं तांदळाच्या डब्याकडे. आणि पंचमीच्या दुपारी जे बघितलं त्याने मी उडालेच. सासूबाई केळीच्या पानाचा तुकडा घेऊन वाकल्या होत्या. त्यावर एक मोदक, भाताची मूद, ऋषीच्या भाजीचा घास. आणि ते पान त्यांनी हळूच डब्यामागे सरकवलं. वर हात जोडले!

"आई! कोणाला वाढताय?"

"कोणाक म्हणजे? उंदराक. पंचमेचो नैवेद्य तेचो. दरवर्षी ठेवतंय. तुका आज दिसला."

दरवर्षी! म्हणजे मी इथे नाकात दम येईस्तोवर झाडलोट करतेय, आणि घरातलीच बाई त्याला पंगतीचं आमंत्रण देतेय. मी ओरडलेच, "अहो, तुम्हीच वाट लावताय माझी! ह्या कामावर माझं काय काय अवलंबून आहे ठाऊक आहे तुम्हाला?" गणपतीसमोर आवाज चढवला म्हणून मुलं टकामका बघायला लागली. सासूबाईंचं तोंड एवढंसं झालं. मग खाली बसल्या आणि सांगायला लागल्या. गावाला भात पोटरीला आलेलं असतं, उंदीर लोंब्या तोडून नेतो. म्हणून पंचमीला त्याचं पान मांडायचं. हे तुझं, बाबा, पोटभर जेव आणि आमच्या भाताला तोंड लावू नको. त्यांच्या सासूने त्यांना शिकवलेलं.

माझा राग उतरला नव्हता, पण कान जागे होते. मी विचारलं, "गावाला ते पान घरात मांडायचे?"

"घरात कित्याक? बांधार. शेताच्या बांधार."

"मग इथे घरात का मांडता?"

सासूबाईंनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मीच ठार वेडी. "हय बांध खय आसा गो? दाखव माका. बांध दाखव, थय ठेवतंय."

मला हसूच फुटलं. हसता हसता डोक्यात एकदम उजेड पडला. अगं बाई, ही म्हातारी बरोबर बोलतेय! उंदराचं पान शेताच्या कडेला मांडायचं असतं, घराबाहेर. म्हणजे तो तिकडे जेवेल आणि तिकडेच राहील. इथे बांध नाही म्हणून ते पान घरात आलं, आणि पानामागून तो आला. चूक त्याची नाही, चूक जागेची. मी म्हटलं, "आई, मी देते तुम्हाला बांध. पण पाच दिवस मी सांगेन तिथे पान मांडायचं. कबूल?" त्यांनी विचारलं, "उपाशी नाय ना ठेवूचस तेका?" मी गणपतीकडे हात करून नाही म्हटलं.

त्या संध्याकाळी मी रांगोळी घेतली आणि पिठाच्या चाळणीने डब्यापासून मोरीपर्यंत पातळ भुरभुरवली. सगळे डबे घट्ट लावले, साबण डब्यात, उष्टं-खरकटं लगेच बाहेर. घरात खायला फक्त ते एक पान. सकाळी पाणी भरायला उठले तर रांगोळीवर पावलं. इवलीइवली, मध्ये शेपटीची रेघ. डब्यापासून निघाली ती थेट मोरीत, नळाचा पाइप भिंतीतून बाहेर जातो तिथे. पाइपाभोवतीचं सिमेंट पडून तीन बोटं जातील एवढी फट होती. बारा वर्षं मी ती मोरी घासत होते आणि कधी वाकून बघितलं नव्हतं.

मग पान रोज थोडं थोडं सरकलं. एक दिवस मोरीच्या कठड्याशी, एक दिवस फटीच्या तोंडाशी, आणि गौरीच्या दिवशी भिंतीच्या पलीकडे. रोज सकाळी मी रांगोळीवर वाकून पावलं बघायचे, आणि माझ्या मागे सासूबाई वाकायच्या. "इलो होतो?" "आला होता. जेवून गेला." तिसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून पानावर करंजी ठेवली. म्हणाल्या, लांब जाऊचा आसा तेका, नुसत्या भातार कसो जाईत? नवरा मखरापाशी बसून म्हणाला, "तुम्ही दोघी मिळून त्याचं माहेरपण करताय की काय?" पण जवळच्या बांधकामावरून कागदात बांधून सिमेंट त्यानेच आणून दिलं.

विसर्जनाच्या दिवशी सगळी मंडळी पवईच्या तलावावर निघाली. मी जाणार नाही म्हटल्यावर चाळीतल्या बायकांनी तोंडात बोटं घातली. गणपती निघालेत आणि सून घरी? मी सासूबाईंकडे बघितलं. त्या नुसतं "चला गो, उशीर होता" म्हणाल्या आणि बायकांना घेऊन पुढे झाल्या.

मी दुपारीच गटाराच्या पलीकडे अळवात पान मांडून आले होते. मोदक, करंजी, घावन, सगळं. आता मोरीत पाट टाकून बसले. शेजारी परातीत कालवलेलं सिमेंट, कंदिलाच्या फुटक्या काचेचे तुकडे. मोरीच्या जाळीतून अळू दिसत होतं. बाहेर ताशांचा आवाज, मुलांचा गलका, आणि मी इथे एका उंदराची वाट बघत. मनात म्हटलं, बाई गं, काय वेळ आणली आहेस स्वतःवर. ऊन कलायला लागलं तेव्हा खाटेखालून सुळकन काहीतरी निघालं. माझ्या पायापासून वीतभर अंतरावरून गेला मेला! मी श्वास रोखून धरला. फटीत शिरला, पलीकडे निघाला, आणि जरा वेळाने अळवाची पानं हलली. दोन पायांत मोदक धरून ऐटीत बसला होता.

मी काचा ठासल्या, सिमेंट भरलं, परत काचा, परत सिमेंट. थापीबिपी काही नव्हती, हातानेच. बोटं कापली. पण पापडाचं पीठ लाटणारे हात माझे, एवढा गुळगुळीत लेप दिला की गवंड्याने बघत राहावं.

मंडळी परत आली तेव्हा सासूबाईंच्या हातात रिकामा पाट, पाटावर तलावाकाठची ओली माती. ती माती आमच्याकडे विसर्जनाहून आणतात आणि घराच्या चार कोपऱ्यांत टाकतात. सासूबाईंनी तीन कोपऱ्यांत टाकली. उरलेली मूठ घेऊन त्या मोरीत आल्या, खाली बसल्या, आणि माझ्या ओल्या सिमेंटवर ती माती तळव्याने दाबून दाबून बसवली. मग माझा कापलेला हात धरून हळद लावली.

सकाळी उठून आधी रांगोळी बघितली. कोरी. एक पाऊल नाही.

दहाच्या सुमाराला देखरेखीच्या बाई आल्या. चष्मा सावरत डबे सरकवले, खाटेखाली वाकल्या, भिंतीला हात लावून ओल बघितली. सगळं लखलखीत होतं, आणि मला ते ठाऊक होतं. मग त्या मोरीत गेल्या आणि थांबल्या.

"हे सिमेंट ताजं दिसतंय. इथे काय होतं?"

मी ठरवून ठेवलं होतं, पाणी झिरपत होतं म्हणून सांगायचं. जीभ उचलली, तेवढ्यात खाटेवरून आवाज आला.

"उंदीर होतो."

मेले! मनात म्हटलं, गेलं काम, गेलं सगळं. बारा वर्षांत एकदा तरी खोटं बोलायला काय झालं होतं या बाईला! सासूबाई खाटेवरून उतरल्या, मोरीपर्यंत आल्या आणि त्या जाडजूड बाईंसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. त्यांच्या खांद्यालाही पोचत नव्हत्या.

"एक होतो. माझ्या सुनेन काढल्यान. मारल्यान नाय हां, पाच दिवस जेवू घालून भायर काढल्यान आणि दार लावल्यान. आता माझ्या सुनेक इचारल्याशिवाय ह्या घरात उंदीर सुद्धा येवचो नाय."

त्या बाई पहिल्यांदा हसल्या. वाकून सिमेंटवर बोट फिरवलं, माझ्या कापलेल्या हातांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हात बरे झाले की पीठ न्यायला या. झाकणाचा डबा आणा."

पुढे सतरा वर्षं पापड लाटले मी. त्यावर मुलं शिकली, हे घर झालं. पण त्या क्षणी मला डबा, पीठ, काही ऐकू आलं नव्हतं. मी मोरीच्या दारात उभी होते आणि कानात एवढंच घुमत होतं, "माझी सून" म्हणाल्या. दोनदा म्हणाल्या.