गुळाच्या पारखीने तपासलेला बर्फ

यंदा जानेवारीत, सकाळी दहाच्या सुमारास, हिमाचलातल्या एका खिंडीखालच्या उतारावरचा बर्फ सुटला. माझे दाजी त्या वेळी उताराच्या काठावर उभे होते.

दाजी, म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान, कोल्हापुरात गुळाचे व्यापारी आहेत. बर्फाशी त्यांचा संबंध तोवर उसाच्या रसापुरता होता. बहीण, मी आणि ते असे ती खिंड चढायला निघण्यापूर्वी त्यांचा सराव मात्र कसून झाला होता. महिनाभर दर रविवारी पन्हाळा चढायचा, वर झुणका-भाकरी खायची आणि गाडीने खाली यायचे. खिंडीतून फोटो पाठवतो, असे त्यांनी मार्केट यार्डात सगळ्यांना सांगून ठेवले होते.

वाट उतारावरून आडवी जात होती. आमचा वाटाड्या तिथल्याच गावचा. तो काठावर थांबला आणि पुढे जायचे नाही म्हणाला.

"का ओ पावणं? रात्री बर्फ पडलाच न्हाय की," दाजी म्हणाले. मी ते हिंदीत सांगितले.

"गिरी नहीं साहब, हवा उठाकर लाई है."

त्याने वर बोट दाखवले. रात्रभरच्या वाऱ्याने डोंगराची पलीकडची बाजू खरवडून काढली होती. तिथला सगळा बर्फ आमच्या बाजूला, आडोशाला, साचला होता. वरचा थर घट्ट दाबलेला, खाली भुसभुशीत. माणसाच्या वजनाने वरची अख्खी लादी घसरू शकते, असे त्याने सांगितले.

दाजींनी हे ऐकून घेतले आणि स्वतःची तपासणी सुरू केली. यार्डात गुळाची ढेप ते अंगठ्याने दाबतात, बोटांनी ठोकतात. कडक लागली तर सौदा. इथेही त्यांनी काठी आपटली. आतून ढब्ब असा पोकळ आवाज आला. वाटाड्या एक पाऊल मागे सरला. दाजी खूश झाले.

"टणक हाय! कोडोलीचा गूळबी असा लागत न्हाय. भ्यालासा व्हय पावणं?"

वाटाड्याला मराठी येत नव्हते आणि हे मी हिंदीत सांगितले नाही. त्यामुळे चर्चेत दाजींची सरशी झाली.

बहीण दगडावर बसून बुटाची नाडी बांधत होती. "जावा की," ती म्हणाली. "तेवढी तिजोरीची किल्ली देऊन जावा."

"आता हितं किल्ली कशाला?"

"मग काय, उन्हाळ्यात बर्फ वितळल्यावर मागू?"

दाजींनी उत्तरादाखल पाय पुढे टाकला. बुटापासून एक चीर निघाली आणि दोरी ओढल्यासारखी सरळ वर गेली. वाटाड्याने त्यांची पाठपिशवी मागून धरून खेचली. दोघेही पाठीवर पडले. समोरचा उतार लाद्या लाद्या होऊन खालच्या नाल्यात गेला. आवाज थांबल्यावर दाजींनी खिशातून तिजोरीची किल्ली काढून बहिणीच्या हातात दिली. त्यांच्या बाबतीत हे आम्ही प्रथमच पाहिले.

परतीची वाट देवदारांच्या दाट झाडीतून होती. दुपारी गावात पोहोचल्यावर वाटाड्याने माणसे मोजली. सगळी होती.