घुबडाचा दगड

आज पातेलं घासताना वर्षानुवर्षं घट्ट बसलेली पाटली हातातून आपसूक गळली आणि मला काकतीची शाळा आठवली. तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. आमची भीती मोडावी म्हणून गुरुजींनी पंख दुखावलेलं एक घुबड वर्गात आणलं आणि एकेकाच्या हातात दिलं. गावात म्हणायचे, घुबडाला दगड मारला की ते तो उचलून नेतं, ओढ्यात घासत बसतं. दगड झिजेल तसा मारणारा झिजतो.

"खोटं हाय गं ते. घे, बघ किती हलकं हाय," गुरुजी मला म्हणाले.

माझ्या ओंजळीत ते ऊबदार होतं. त्यानं सावकाश मान फिरवून माझ्याकडं बघितलं. दगड कुणी मारलाय, हे वर्गात आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

मी पातेलं खाली ठेवलं. घासल्याचा आवाज थांबला नाही.