वंगणाचा नळा

बाळामिस्त्री कुणाच्याही घरी आला की माणसाच्या तोंडाकडे बघायच्या आधी दाराच्या बिजागरीकडे बघायचा. ती कुरकुरली की बोलणं राहिलं बाजूला. कमरेचा वंगणाचा बांबूचा नळा काढून बोटभर वंगण फासायचा आणि मगच बसायचा. "मास्तर, फिरतं त्याला त्याल पायजे," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

अलिबागेत बैलगाड्यांचे आस आणि चाकं करण्यात त्याची हयात गेली. पुढे मोटार सर्व्हिस सुरू झाली आणि त्याचं अंगण ओस पडलं. तेव्हा पन्नाशी उलटलेल्या या माणसाने मोटारकाम शिकायला घेतलं. मला कौतुक वाटे आणि धास्तीही.

किहीमला बंगला असलेल्या एका बॅरिस्टरांकडे शर्यतीची विलायती मोटार होती. खड्डा आला की ती पुढून उसळे. त्यांनी पुढच्या चाकांचे नवे शॉक ॲब्सॉर्बर मागवले आणि म्हणाले, "मिस्त्री, नीट बसवलेस तर किहीमच्या साऱ्या मोटारी तुझ्याकडे पाठवीन." त्या दिवशी बाळा दाढी करून कामाला बसला.

जुने उतरवून नवे त्याने सुबक बसवले. त्यांच्या लोखंडी पट्ट्यांमध्ये लाकडी चकत्या होत्या. हलवल्या की करकरत. बाळाने डोळे मिचकावले. "इलायतेत त्याल न्हाय वाटतं!" असं म्हणून चकत्यांना भरपूर वंगण फासलं आणि नट आवळले.

गाडी जराही आवाज न करता निघाली. थळच्या वळणावर पुढची चाकं उसळली ती थांबेचनात. गाडी रस्त्याखालच्या खाजणाच्या चिखलात गेली, बॅरिस्टरांचा हात मोडला.

ते गळ्यात हात बांधून आले. रागावले असते तर बरं झालं असतं. "मिस्त्री, चकत्या घासतात म्हणूनच उसळी थांबते. त्या कोरड्याच ठेवायच्या होत्या रे."

"व्हय साहेब," बाळा म्हणाला.

पुन्हा कुणी त्याच्याकडे मोटार आणली नाही. नळा खुंटीला गेला. त्याच्या विहिरीचा रहाट आळीभर किंचाळू लागला, तेव्हा न राहवून मी म्हटलं, "मिस्त्री, थेंबभर तेल घाल की."

"नको मास्तर. कशाला घासू द्यायचं नि कशाला न्हाय, ता मला आता कळत न्हाय."

तो गेला त्या सकाळी त्याच्या शेवटच्या अंघोळीचं पाणी काढताना रहाट तसाच ओरडत होता. मला ते ऐकवेना. आत जाऊन मी खुंटीवरचा नळा काढला. वंगण सुकून त्याचा दगड झाला होता.